पायरीचा डावा कोपरा

दर जानेवारीत धरणवाले तलावाचं पाणी सात फुटांनी उतरवत, आणि त्या आठवड्यात एमस टिडवेल झाडू घेऊन पाण्यावर जाई.

बाकीचे लोक त्या दिवसांत आपापले धक्के ठाकठीक करत, गाळात रुतलेले गळ आणि बाटल्या वेचत. एमस मात्र काठात आत शिरलेल्या तलावाच्या आपल्या फाट्यात बोट लावी, गुडघाभर चिखल तुडवत आत जाई, आणि तिथे उघड्या पडलेल्या विटांच्या तीन पायऱ्या झाडून काढी. पायऱ्यांच्या वर घर नव्हतं. एके काळी होतं. धरण झालं तेव्हा लाकडी घर उतरवून नेलं, पायऱ्या तेवढ्या राहिल्या. एमस तेव्हा सहा वर्षांचा होता. सगळं सामान ट्रकवर चढल्यावर त्याची आई परत मागे फिरली आणि तिने पायऱ्या झाडल्या. शेजारीण म्हणाली, "अगं बाई, उद्या इथे पाणी येणार आहे." तर ही म्हणाली, "मग? पाणी झालं तरी पाहुणाच ना. घाणेरड्या पायरीवरून कोणाला घरात घेऊ?"

एमसने ती रीत पुढे चालवली, तीही गाजावाजा न करता. त्याची लेक डेल चालायला लागली तशी तो तिलाही बरोबर नेऊ लागला. तिच्यासाठी त्याने एका झाडूचा दांडा कापून अर्धा केला होता. वरची पायरी चांगली रुंद, बाजेएवढी. तो उजवीकडून सुरुवात करी, लांब लांब सरळ हात मारत डावीकडे येई, आणि शेवटी पंजाएवढा डावा कोपरा मुद्दाम ठेवी. "हा तुझा," म्हणे. डेलने तो कोपरा झाडला की काम झालं. मग दोघं बोटीत बसून खारे शेंगदाणे खात.

वसंतात तलाव पुन्हा भरला की त्या वरच्या पायरीवर छातीभर पाणी चढे, आणि एखादा नर बास मासा तिथे घर करी. बासला चिखल चालत नाही, कडक आणि स्वच्छ जागा लागते. मादी येते, अंडी घालते आणि आपल्या वाटेने जाते. राखण बापाने करायची. पंधरा दिवस, तीन आठवडे तो खात नाही की हलत नाही. शेपटीने गाळ उडवत राहतो, आणि जवळ येणाऱ्या प्रत्येकाच्या अंगावर जातो.

एमसचा एकच नियम होता. घरट्यावरचा बाप धरलास, तर त्याच्या घराच्या नजरेतच सोडायचा. "त्याला दूर नेलंस तर तू मासा नाही नेलास," तो म्हणे. "दुसऱ्याचं दार उघडं टाकून आलीस."

नोव्हेंबरात एमस गेला. डेलची मुलगी ओपल तेव्हा पाच आठवड्यांची होती. जानेवारीत पाणी उतरलं, चढलं, आणि पायऱ्या कुणीच झाडल्या नाहीत.

*

एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारी तलावावरच्या मंडळाची मासे धरायची स्पर्धा असते. माणसाने आणायचे मासे पाच, तेही जिवंत, आणि तीनच्या ठोक्याला धरणाजवळच्या धक्क्यावर हजर. ज्याचं वजन जास्त त्याचं नाव एका जुन्या वल्ह्यावर कोरतात. ते वल्हं आमिषाच्या दुकानात, गल्ल्याच्या वर टांगलेलं असतं. त्यावर ब्रॅननांची नावं आहेत, पिकेटांची आहेत, एका पाद्र्याचंही आहे. टिडवेल नाही. एमस अकरा वेळा दुसरा आला. सगळे घरट्यांवरचे मासे उचलून नेत, आणि हा एकटा खोल पाण्यात चाचपडत बसे.

डेलला ते नाव वल्ह्यावर हवं होतं. एकदाच. लग्नानंतर ती मोझली झाली होती, पण स्पर्धेच्या कागदावर तिने टिडवेल लिहिलं. तिच्या नवऱ्याने, ग्रेडीने, ते वाचलं आणि ओपलला कडेवर घेतलं. "दुधाच्या बाटल्या?" त्याने विचारलं.

"तीन. फ्रिजमध्ये. कोमट करायच्या, गरम नाही."

"आणि रडली तर?"

"रडली तर तूही रड. तिला बरं वाटतं."

बोट एमसचीच होती, आणि जोडीला एमसचाच जोडीदार. लायमन पिकेट, वय पंचाहत्तर, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, गालात तंबाखू. तीस वर्षं तो या बोटीच्या मागच्या खुर्चीवर बसत आला होता. एमसच्या जागी डेल बसली म्हणून त्याने आपली खुर्ची बदलली नाही.

सकाळ छान गेली. डॉगवूडची झाडं काठाने फुलांनी पांढरी झाली होती, पाइनचा पिवळा पराग पाण्यावर हळदीसारखा पसरला होता. डेलने दहाच्या आत तीन मासे घेतले आणि लायमनने एकही नाही. साडेदहाला तिची छाती दुधाने इतकी भरून आली की गळाची काठी धरवेना.

"लायमनकाका, जरा तिकडे तोंड करा."

"मला एरवी तरी काय दिसतंय, पोरी?"

"तरी करा."

तो वळला आणि उगाचच मोठ्याने खोकत राहिला. बरोबर बाटली नव्हती. डेलने कठड्यावरून वाकून दूध पाण्यातच पिळलं. पांढरी रेघ परागाखालून खाली गेली आणि दिसेनाशी झाली. तिला उगाचच वाटलं, कुणाच्या तरी तोंडचं काढून दुसऱ्याला दिलं.

बाराला चौथा मासा मिळाला, सहा पौंडांची मादी. मग काहीच नाही. एक वाजता हॉइट ब्रॅनन आपली चकचकीत बोट हळू करत बाजूने गेला.

"काय डेल, किती?"

"आहेत."

"माझे पाच झाले. बारीकसारीक आहेत म्हणा. तुझी छोकरी बरी आहे?"

"तुमच्यापेक्षा कमी बोलते."

हॉइट हसत गेला. लायमनने तंबाखूचा डबा बंद केला. "बारीक म्हणाला. हॉइट खोटं बोलायला लागला की मोठे म्हणतो. म्हणजे खरंच बारीक आहेत. तुला आता नुसता एक हवा. दोन पौंडाचा पोरगा मिळाला तरी वल्ह्यावर तूच."

डेलने तलावाकडे पाहिलं. मग तिने मोटर चालू केली, आणि कुठे जायचं हे तिने ठरवलंय असं तिला स्वतःलाही वाटलं नाही. बोट टिडवेलांच्या फाट्यात शिरली.

*

आत वारा नव्हता. पाणी काचेसारखं, काळसर. डेलने पुढची विजेची छोटी मोटर लावली आणि बोट आवाज न करता सरकू लागली. नेहमी या वेळी फाट्यात बेडकांचा, पाखरांचा गलका असे. आज पाखरं काठावर बसलेली होती, पण गप्प होती.

"कुठे आलो गं?" लायमनने विचारलं.

"पायऱ्यांवर."

तो "बरं," म्हणाला.

तिने पाण्यावरची चकाकी मारणारा काळा चष्मा लावून वाकून पाहिलं. तिला वाटलं होतं, यंदा तिथे फक्त गाळ असेल. पण वरची पायरी स्वच्छ होती. विटा लाल दिसत होत्या, मधल्या चुन्याच्या रेघा मोजाव्यात इतक्या. आणि पायरीच्या मधोमध नर उभा होता, तीनएक पौंडांचा. त्याच्या खाली पिल्लांचा ढग हलत होता. नुकती फुटलेली, पापणीच्या केसाएवढी पिल्लं.

"झाडलेली आहे," डेल म्हणाली.

"तूच झाडलीस ना जानेवारीत?"

"मला कुठे जमलं, काका. ओपलला ताप होता."

"मग ग्रेडीने?"

"ग्रेडी घरातला केर काढत नाही."

"मग माशाने काढला असेल," लायमन म्हणाला. "शेपटीने काढतात ते."

शेपटीने काढतात, खरंच. पण मासा परातीएवढा गोल साफ करतो. ही पायरी उजव्या कडेपर्यंत लख्ख होती, उजव्या कोपऱ्यासकट. मासे कोपरे काढत नाहीत. हे डेलला कळत होतं. कळत असूनही तिने हात थांबवला नाही, कारण घड्याळात दीड वाजत आला होता.

तिने गळाला रबरी किडा लावून टाकला. तो पायरीवर उतरताच नर पुढे आला, किडा ओठांत धरून पायरीच्या कडेपर्यंत नेला आणि बाहेर टाकला. खाल्ला नाही. अंगणात पडलेली काडी उचलून टाकावी तसा. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा किडा त्याच्या ओठांत असतानाच डेलने हिसका दिला.

तो फार लढला नाही. हातात घेतला तेव्हा हलका लागला, पोट खपाटीला गेलेलं. शेपटीची खालची कड झिजून लाल झाली होती, रक्त दिसत होतं.

"धरलास?" लायमनने विचारलं.

"धरला."

"घरावरचा?"

डेलने खुर्चीखालच्या, मासे जिवंत ठेवायच्या टाकीचं झाकण उचललं, मासा आत सोडला आणि झाकण लावलं. "पाच झाले," ती म्हणाली.

 लायमनने टोपी काढली होती ती पुन्हा घातली. एमस या जागेवरून जाताना टोपी काढी. लायमनने कधी काढली, हे तिला कळलंच नव्हतं.

*

धरण बारा मैलांवर. मोटर जुनी, चाळीस घोड्यांची. डेलने ती पूर्ण वेगात सोडली. वारा कानांत भरला. दुकानातलं वल्हं तिच्या डोळ्यांसमोर आलं, शेवटच्या नावाखालची कोरी जागा आणि तिथे टिडवेल. मागे कधीतरी बाबांनी तिला ते वल्हं खाली काढून दाखवलं होतं आणि अंगठा त्या कोऱ्या जागेवरून फिरवला होता.  बस, तो अंगठा.

तेवढ्यात तिला आवाज ऐकू आला.

मोटरच्या खालून यावा तसा, खुर्चीखालून. सर्र. थांबे. पुन्हा सर्र. एकसारखा, घाई नसलेला. विटेवरून झाडू फिरावा तसा.

"टाकीचा पंप घरघरतोय का?" लायमन मागून ओरडला.

"पंप बंद आहे."

"मग काय आहे?"

तिने मोटर बंद केली. बोट पाण्यात बसली, लाटा मागून येऊन तिच्याखालून पुढे गेल्या. मोटर थांबली तरी तो आवाज थांबला नाही. सर्र. सर्र. डेलने झाकण उचललं. चार मासे टाकीच्या एका बाजूला चिकटून उभे होते. पाचवा दुसऱ्या टोकाला, एकटा, शेपटीने टाकीचा तळ झाडत होता. प्लास्टिकचा, कोरा, स्वच्छ तळ. शेपटीतून रक्ताचा धागा पाण्यात सुटत होता. आणि तो पुढे पाहत नव्हता. तोंड बोटीच्या मागे, फाट्याकडे होतं. बोट लाटांवर हळूहळू फिरली तशी तोही आत फिरला, आणि तोंड फाट्याकडेच ठेवलं.

डेलचं दूध उतरलं. ओपल रडली की उतरतं तसं, झोंबत, एकदम. ओपल इथून नऊ मैलांवर, बापाच्या कुशीत होती. सदऱ्यावर दोन ओले डाग पसरले.

फाट्यात ब्लूगिल मासे असतात. तळहाताएवढे, चपटे, भुकेले. बाप हलला की अर्ध्या तासात पायरीवर एक पिल्लू उरत नाही. तिने लहानपणी पाहिलं होतं, दुसऱ्या कुणीतरी नेलेल्या नराच्या घरट्यावर. बाबांनीच तिला वाकवून दाखवलं होतं. पाणी गप्प, आणि पिल्लांचा ढग चिमटीचिमटीने कमी होत गेलेला.

"किती वाजले?" तिने विचारलं.

"दोन दहा." लायमनने घड्याळ डोळ्यांशी नेलं होतं. "धक्का दिसत असेल तुला. पुलाच्या पलीकडे."

दिसत होता. लोक उभे होते, वजनकाट्याचा पांढरा तंबू हलत होता.

"आत्ता मागे गेलो तर तीनपर्यंत परत येणं होणार नाही," ती म्हणाली.

"नाही होणार."

"पाचही बाद."

"पाचही."

"आणि आता चाळीस मिनिटं झाली. जाईपर्यंत तास होईल. तिथे काही उरलंच नसेल, काका."

लायमनने कठड्याबाहेर थुंकी टाकली आणि तोंड पुसलं. "मी तुझ्या बापाबरोबर तीस वर्षं बसलो. अकरा वेळा दुसरा आला. दर वेळी परतताना मी त्याला गाढव म्हणायचो. दर वेळी तो म्हणायचा, लायमन, शेंगदाणे दे." त्याने आपली आंधळी नजर तिच्याकडे वळवली. "मी काही सांगणार नाही. बोट तुझ्या हातात आहे."

खुर्चीखाली झाडू फिरतच होता.

डेलने बोट वळवली. पुलाच्या बाजूने कुणीतरी मोठ्याने हाक मारली, बहुधा हॉइट. तिने मागे पाहिलं नाही.

*

फाट्याच्या तोंडाशी तिने मोठी मोटर बंद केली. आत अजूनही तीच शांतता होती. बोट पायऱ्यांजवळ आली तशी ती पुढे पोटावर आडवी झाली आणि चष्म्यातून खाली पाहिलं.

ब्लूगिल आले होते. तीस असतील, चाळीस असतील. पायरीच्या चारी बाजूंनी कडं करून उभे होते, तोंडं आत, कल्ले हलत होते.

एकही आत गेला नव्हता.

पायरीच्या कडेवर रेघ मारल्यासारखे थांबले होते. एखादा धीट पुढे सरके, वीतभर आत येई, आणि कुणी अंगावर आल्यासारखा दचकून मागे फिरे. पिल्लांचा ढग तसाच होता, मधोमध, हलत. त्यांच्यावर कोणीही नव्हतं.

आणि गाळ उडत होता. विटांवरून पातळ धूर निघावा तसा. उजवीकडून निघे, सरळ रेषेत डावीकडे जाई, आणि विरे. जरा थांबे. मग पुन्हा उजवीकडून. लांब, सरळ, न थकता.

डेलच्या अंगावर काटा आला नाही. हे ती नंतर कित्येकदा आठवून पाही. तिला वाटलं ते एवढंच, की आपण उशिरा आलो आणि आपलं काम दुसऱ्या कुणीतरी धरून ठेवलंय.

"काय दिसतंय?" लायमनने हळूच विचारलं.

 तिने टाकी उघडली, नराला दोन्ही हातांत घेतलं, कोपरापर्यंत हात पाण्यात घातले आणि बोटं मोकळी केली. तो खाली गेला. ब्लूगिल बाजूला झाले, वाट झाली. पण तो पायरीच्या कडेशी येऊन थांबला. आपल्याच घराच्या दाराशी, आत कुणी वडीलधारं असावं तसा.

गाळ अजून उडत होता. उजवीकडून डावीकडे. डावीकडे येऊन विरत होता, कोपऱ्याच्या अलीकडेच.

आणि तेव्हा तिला तो कोपरा दिसला. सगळी पायरी लख्ख, आणि डाव्या कोपऱ्यात पंजाएवढा त्रिकोण गाळाने भरलेला. वर्षभराचा गाळ, मऊ, काळा, कुणी न शिवलेला. दुपारी घाईत तिने तिकडे पाहिलंच नव्हतं.

बोटीच्या तळाशी एमसचं वल्हं पडलेलं असे. साधं, पातं चिरलेलं, नाव नसलेलं. डेलने ते उचललं, खांद्यापर्यंत हात पाण्यात घातला आणि पात्याच्या टोकाने तो कोपरा झाडला. एक हात. दोन. विटेवर लाकूड घासल्याचा बारीक आवाज बोटीच्या पत्र्यातून वर आला. गाळाचा ढग उठला आणि पायरी त्यात झाकली.

तिने वल्हं वर घेतलं आणि वाट पाहिली.

पाणी निवळलं तेव्हा कोपरा लाल होता. उजवीकडून आता काही येत नव्हतं. नर मधोमध पिल्लांवर उभा होता, कल्ले हलवत. ब्लूगिलांपैकी एक पुढे सरकला, तसा तो त्याच्या अंगावर गेला आणि परत जागेवर आला.

काठावर एक पाखरू बोललं. मग दुसरं.

"कोपरा राहिला होता?" मागून लायमनने विचारलं. टोपी त्याच्या मांडीवर होती.

डेल उठून बसली. सदरा पुढून भिजला होता, हात खांद्यापर्यंत. "तुम्हाला कसं कळलं?"

"ऐकलं ना. दोनच हात मारलेस. तू लहान होतीस तेव्हाही दोनच मारायचीस. तुझा बाप मला म्हणायचा, पोरगी आळशी आहे, तिला एवढंच ठेवतो."

तीन वाजून गेले होते. उरलेले चार मासे तिने तिथेच, फाट्याच्या तोंडाशी, एकेक करून सोडले. सहा पौंडांची मादी सगळ्यात शेवटी गेली, सावकाश, मागे न पाहता.

"काका," डेल म्हणाली, "शेंगदाणे आहेत का?"

लायमनने खिसा चाचपला आणि पुडी पुढे केली.

त्या वर्षी वल्ह्यावर हॉइट ब्रॅननचं नाव लागलं, तिसऱ्यांदा. घरी पोचल्यावर ग्रेडीने विचारलं, तर डेलने उशीर झाला एवढंच सांगितलं आणि ओपलला पाजायला घेतलं. पोरगी तिच्या ओल्या बाहीचा वास घेत राहिली. तिची मूठ त्या बाहीवरून फिरत होती, उजवीकडून डावीकडे, पुन्हा उजवीकडून.

पुढच्या जानेवारीत पाणी उतरायच्या आधीच डेलने गोठ्यामागच्या खोलीतून मोठा झाडू काढला. आणखी एक काढला, त्याचा दांडा करवतीने कापला, कापलेलं टोक हाताला लागू नये म्हणून घासून गुळगुळीत केलं, आणि दोन्ही दाराशी उभे करून ठेवले.